उजवीकडची साइडकार

"थांबा, सीट पुसू द्या," म्हणत बाबांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि ते साइडकारमध्ये वाकले.

शेडच्या दाराशी लेक बघतच राहिली. आई गेल्यापासून बाबा तिच्याशी चकार शब्द बोलले नव्हते. ती कामधाम टाकून धावत आली, घर हातात घेतलं, रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसली. आईच्या खुर्चीत बसवत नव्हतं, म्हणून डावीकडे स्टूल ओढून. 'बाबा, माझ्याकडे राहायला चला. बाबा, एकदा रडून तरी घ्या.' बाबा आपले समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. दगडाशी माणसाने बोलायचं तरी किती? हळूहळू तिचंही आतलं सगळं गोठून गेलं.

आणि आज हा गिऱ्हाईक आला काय, बाबा त्याच्याशी घडाघडा बोलायला लागले काय! परक्या माणसाशी!

गिऱ्हाईक साइडकारच्या काठावर हात ठेवून उभा होता. जुन्या गाड्यांचा वेडा. बाबा आणि काका, या दोघा भावांच्या कारखान्यातून मोजक्याच मोटारसायकली बाहेर पडल्या होत्या, त्यातली ही शेवटची. बाबांनी ती त्याला द्यायचं कबूल केलं होतं.

"पण ही साइडकार उजवीकडे कशी?" तो म्हणाला. "सगळ्यांची डावीकडे असते. तुमच्या बाकीच्या गाड्यांचीसुद्धा. चुकून लागली वाटतं. नेल्यावर आम्ही डावीकडे लावून घेऊ."

"चुकून कशी लागेल? विकायच्या त्या डावीकडच्या. ही घरची." बाबांचं फडकं सीटवरून आता टाकीवर फिरत होतं. "इंजिनं तपासता तपासता माझा डावा कान गेला. ठार बहिरा. उजव्यात काय ते थोडंफार येतं. गाडीवर बसली की आमच्या हिची टकळी सुरू, आणि मला ढिम्म कळायचं नाही. चिडायची हो! मग भावाला म्हटलं, काढ तिकडची आणि लाव इकडे."

"कुणी कधी बोललं नाही मला हे," गिऱ्हाईक म्हणाला.

"कुणाला माहीत असेल तर ना! पोरीलासुद्धा सांगू दिलं नाही हिने. बहिऱ्याने तपासलेलं इंजिन कोण घेईल, म्हणायची. चारचौघांत माझ्या उजवीकडून कधी हलली नाही. मला ऐकू आलं नाही की हीच उत्तर द्यायची."

गिऱ्हाईक ओशाळला. "मग राहू दे अशीच. आम्ही हात लावत नाही."

"लावा की डावीकडे," बाबा म्हणाले. आवाजात काहीच नव्हतं. "आता कुणाचं ऐकायचंय?"

लेकीला वाटलं, आता आपल्याला हुंदका येईल. आला नाही. ती गाडीला वळसा घालून पलीकडे गेली. गिऱ्हाईक बाजूला झाला. काठावरून पाय आत टाकून ती आईच्या सीटवर बसली. रोज संध्याकाळी बोललेलं सगळं पुन्हा सांगायचं होतं, पण त्यातलं एकही वाक्य सापडेना.

"बाबा."

फडकं थांबलं. बाबांनी सवयीने मान कलती करून उजवा कान तिच्याकडे आणला.

"बोल गं," ते म्हणाले. "आल्यापासून एक शब्द बोलली नाहीस माझ्याशी."