डावा, उजवा

मागच्या उजव्या चाकाच्या जागी तिने ब्रेकची डिस्क दोन्ही बाजूंनी चिमटणारा कॅलिपर धरून पाहिला, आणि हवा काढायचं निपल खाली आलं.

तिने तो काढला, फडक्याने पुसला, पुन्हा धरला. निपल खालीच. हवा नेहमी वर चढते, म्हणून निपल वरच हवं. नाहीतर हवा आत अडकते आणि ब्रेक दाबला की पाय गादीत रुतल्यासारखा नुसता खाली जातो. तिला हे पाठ होतं. गाडी सुट्या भागांच्या पेट्या मागवून घरीच जोडायच्या प्रकारातली होती. चार वर्षं नवरा जोडत होता आणि ती स्टुलावर बसून त्याला माहितीपुस्तिका वाचून दाखवत होती.

"काय झालं, वहिनी?" धाकट्या दिराने जॅकजवळून विचारलं.

"हा डावीकडचा आहे, भाऊजी." तिने कॅलिपरच्या पाठीवरून अंगठा फिरवला. डाव्या बाजूची खूण धातूत कोरलेली होती.

"मग उजवीकडचा कुठे गेला?"

दोघांनीही गाडीच्या पलीकडे पाहिलं.

डावीकडचं काम नवऱ्याने स्वतः उरकून ठेवलं होतं. दोन्ही बोल्ट पिळून घट्ट, त्यावर पिवळ्या रंगाची रेघ, म्हणजे पुन्हा हात लावायचं कारण नाही. त्यानंतर सहाव्या दिवशी तो बाथरूममध्ये पडला. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. तो उठलाच नाही. सात महिने गाडी तशीच स्टँडवर उभी होती.

ती वळसा घालून गेली आणि जमिनीवर गुडघे टेकले. इथेही निपल खाली. तिने डिस्क हाताने फिरवली, तर ती आतल्या पॅडला खरखर घासायला लागली. कॅलिपर डिस्कच्या मधोमध यावा म्हणून दोन्ही बोल्टांना सारखे पातळ वॉशर घालतात. इथे चारही वॉशर एकाच बोल्टला होते. दुसऱ्याला एकही नव्हता.

तीस वर्षं त्याने बसडेपोत ब्रेकचंच काम केलं होतं. "गाडी चालली नाही तरी चालेल," तो म्हणायचा, "थांबली पाहिजे." डेपोत नव्याने लागलेलं कुणी निपल खाली ठेवून कॅलिपर बसवायचं, तेव्हा तो ते घरी येऊन रंगवून सांगायचा आणि जेवता जेवता त्याला ठसका लागायचा.

"असू दे ते," दीर घाईने म्हणाला. "मेकॅनिक बोलावू आपण. तो बघेल दोन्ही बाजू. तू ते उघडू नकोस."

"का?"

"दादाच्या हातचं आहे."

"म्हणूनच विचारतेय. ह्यांच्या हातून असं होईलच कसं?"

दीर हातातला पाना पुसायला लागला. पाना स्वच्छच होता.

"त्या दिवशी मी होतो इथे," तो शेवटी म्हणाला. "दादाने माझ्याकडे चौदाचा पाना मागितला. मी दिला. पुन्हा मागितला. पाना त्याच्या हातातच होता, वहिनी. तिसऱ्यांदा मागितला तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, दादा, म्हातारा झालास की रे. तोही हसला." तो थांबला. "एकाच बाजूने हसला."

बाहेर रस्त्यावर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. तिने डिस्कवर तळहात टेकवला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना शर्टाचं बटण लावता येईना," ती म्हणाली. "मी लावून दिलं. वर म्हटलं, आता घासही भरवू का?"

दिराने मान वर केली. सात महिन्यांत तो पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघत होता. मग तिने हात पुढे केला.

"चौदाचा द्या."

बोल्ट सैल होताना पिवळी रेघ मधोमध तुटली. तिने रंगाचा कपचा नखाने उचलला, कुठे ठेवावा ते कळेना, आणि खिशात टाकला.

मग दोघंही कामाला लागले. इकडचा कॅलिपर तिकडे गेला, तिकडचा इकडे आला. डिस्कच्या दोन्ही बाजूंना फट मोजायच्या गेजची पाती सरकवून ती आकडे सांगत होती, आतून इतकं, बाहेरून इतकं. तो वॉशर काढत होता, घालत होता. आपल्या मागे स्टुलावर कुणीतरी बसलंय असं तिला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा तिने वळून पाहिलं नाही. वळली असती तर स्टूल रिकामं दिसलं असतं.

चार वाजता दोन्ही डिस्क आवाज न करता फिरल्या. तिने ब्रेकच्या छोट्या टाकीत ऑइल भरलं. दीर सीटवर जाऊन बसला. ती डाव्या डिस्कपाशी वाकली आणि वर आलेल्या निपलाला पारदर्शक नळी लावून तिचं टोक तळाशी ऑइल असलेल्या बरणीत सोडलं.

"ब्रेक दाबा," ती म्हणाली. "आणि धरून ठेवा."

तिने निपल जरासं सैल केलं. आधी काहीच आलं नाही. मग बरणीत बुडबुडे उठू लागले. पुढून मागेपर्यंत येणारी ब्रेकची लांब नळी नवऱ्यानेच वाकवून बसवली होती, त्याच शेवटच्या आठवड्यात. तेव्हाची हवा अजून त्या नळीत होती. बुडबुडे एकेक करून वर आले आणि फुटले.

"सोडू का, वहिनी?" सीटवरून आवाज आला.

तिने चेहरा बरणीजवळ नेला होता.

"नका," ती म्हणाली. "थोडा वेळ धरून ठेवा."