अदलाबदल

"पोटचा पोरगा देऊन भांडकुदळ आणला!" म्हणत बायकोनं माझ्याशी बोलणंच टाकलं.

आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा मी कोच. दुसऱ्या पेठेच्या संघाला माझा गुणी पोरगा देऊन बदल्यात इंद्रजितला मीच आणलं. त्याच्या पायात जादू होती, पण डोक्यात जाळ. तरी सरावानंतर बायको त्याला रोज पोटभर वाढायची.

फायनलमध्ये समोरच्या संघातून खेळणाऱ्या माझ्या पोरानंच त्याला आडवा पाडला. इंद्रजित मूठ आवळून उठला. "तुझ्या आईच्या हातचं खातोय, म्हणून सोडतो," म्हणाला आणि फ्री किकवर थेट गोल मारला.

गुलालानं माखलेले मी आणि इंद्रजित कप घेऊन घरी गेलो. पोरगा तोंड पाडून बसलेला. बायको अखेर माझ्याशी बोलली, "पोराला परत आणा. पण त्याच्यापायी इंद्रजितला दिलंसा, तर बघा!"