डावीकडचा ओला रुमाल

माझी जुनी गाडी उन्हाळ्यात इतकी तापायची की सीटवर बसलेली कोंबडी उकडलेलंच अंडं घालायची. डावीकडे बायको डोक्यावर ओला रुमाल घेऊन बसायची. पहिल्या वळणाआधी तो खडखडीत वाळायचा. “अहो थापाडे, एसी कधी बसवताय?” “पुढच्या उन्हाळ्यात.” मेकॅनिकने तीन दाखवले: एक गुडघ्यांवर लोंबणारा, दुसरा डिकी खाणारा, तिसऱ्यासाठी लाकडी डॅशबोर्ड कापायला हवा. गाडीचं रूप बिघडेल म्हणून अकरा उन्हाळे निवडतच राहिलो. बारावा तिने पाहिला नाही. मग मीच मेकॅनिककडे गेलो. “सगळ्यात गार कोणता?” “तिसरा. पण काका, डॅशबोर्ड...” “काप.” “दोन्ही झोत तुमच्यावर सोडू?” “दोन्ही डावीकडे.” त्याने करवत उचलली. गाडी मिळाली त्या दुपारी रुमाल भिजवून तिच्या सीटवर ठेवला. घर आलं, तरी तो ओलाच. खरं सांगतोय, पण आता “थापाडे” कोण म्हणणार?