पडवीतली सनई

"आज तेवढी जीभ आवर गो बाय," पोह्यांवर खोबरं पेरता पेरता सावित्रीने लेकीला तिसऱ्यांदा बजावलं. "तो काय बोलंल त्याला व्हय म्हणायचं न गप बसायचं."

राजश्रीने बशा पुढे सरकवल्या. तिच्या जिभेने आतापर्यंत तीन स्थळं परत पाठवली होती. एकाने वेळणेश्वरातल्या या अंगणातून समुद्राकडे बघत "वा, भरती आली वाटतं," म्हटलं, तर ही म्हणाली, "भरती कुठली, ओहोटी लागून तास झाला." दुसऱ्याच्या आईने बशीला हात न लावताच पोहे अळणी आहेत म्हटल्यावर हिने विचारलं, "चाखलेत कधी?" तिसऱ्याची हकीकत सावित्री कुणालाच सांगत नसे.

चूक दिसली की राजश्रीला राहवायचं नाही. अपवाद एकच, तिचे वडील. हरिश्चंद्र तीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये राबले आणि तिथेच कान गमावून आले. समोरच्याच्या ओठांकडे टक लावून बघायचं, कळलं नाही तर अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचं, अशी त्यांची रीत. घरात त्यांना कुणी चूक म्हणत नसे. राजश्रीसुद्धा नाही.

आताही ते बाहेर पाहुण्यांसमोर हसत बसले होते. मध्यस्थ महिपतमामा मुलाला घेऊन आले होते. मुलगा नितेश, लोटे गावच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरवर कामाला. रंगाने सावळा, बोलायला साधा. पोहे संपल्यावर त्याने पिशवीतून एक कॅसेट काढली.

"टेप आहे का हो? गाणी ऐकत बोललं तर जरा बरं वाटतं."

"बोलू दे पोरांना," महिपतमामा म्हणाले, आणि दोघांची रवानगी मागच्या पडवीत झाली. वडिलांनी जहाजावरून आणलेला जुना टेपरेकॉर्डर तिथेच होता.

नितेशने कॅसेटचं कव्हर तिच्या हातात दिलं. राजेरजवाड्यांचा सिनेमा. घोड्यावर तलवार उपसलेला राजा, मेण्यात राणी, मागे किल्ला. त्याने बटण दाबलं आणि पडवी दणाणली. इलेक्ट्रिक गिटार, ड्रमचा धडाका, आणि वर कुणी बाई अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत किंचाळत होती. राजश्रीने कव्हर उलटसुलट केलं. आत भलतीच कॅसेट पडली की काय? पण कॅसेटवरही त्याच सिनेमाचं नाव होतं. मेण्यातल्या राणीला हे गाणं सुचलं तरी कसं, काही कळेना.

नितेशने आवाज आणखी वाढवला. डोळे मिटून मान डोलावली.

"काय सनई आहे!" तो म्हणाला. "जुना काळ कसा डोळ्यांपुढे उभा राहतो. हो ना?"

राजश्रीने पुन्हा कान देऊन ऐकलं. थट्टा करतोय म्हणावं तर चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती. वेडसर म्हणावं तर आत्ताच चारचौघांत नीट बोलत होता. उत्तर जिभेच्या टोकावर आलं होतं, ते तिने आईसाठी गिळलं.

"कामाची सवय झाली का लोट्याला?" तिने दुसरंच विचारलं.

"काय?"

"लोट्याला... करमतं का?"

"काय म्हणालात?" तो पुढे झुकला. त्याचे डोळे तिच्या ओठांवर खिळले होते.

ही नजर राजश्रीला पाठ होती. जेवताना, उठता-बसता ती रोज हीच नजर बघत होती. आणि एकदम सगळा उलगडा झाला. आठ आठ तास त्या कॉम्प्रेसरच्या घरघरीत उभं राहून याचे कानच गेले होते! बिचाऱ्याने कव्हरवरचा राजा बघितला आणि सनईचा अंदाज ठोकून दिला.

तिला गलबलून आलं. याला आता चूक म्हणणं म्हणजे त्याचं झाकलेलं उघडं करणं. आधीच्या तिघांपैकी कुणाबद्दल तिला असं काही वाटलं नव्हतं. हा मात्र एकदम घरातला वाटायला लागला.

"हो," ओठ नीट हलवत ती म्हणाली, "सनई फार छान आहे."

नितेश आणखी पुढे सरकला. "नक्की? मला आपलं कधी कधी वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय. सनईच आहे ना ही?"

त्याच्या स्वरात अगदी काकुळती होती. राजश्रीचं उरलंसुरलं मन विरघळलं.

"सनईच आहे हो. दुसरं काय असणार?"

त्याचा चेहरा उतरला. त्याने टेप बंद केला, कॅसेट काढून पिशवीत ठेवली आणि "निघतो" म्हणाला. आपलं गुपित हिला कळलं म्हणून ओशाळला असेल, असं राजश्रीला वाटलं.

पाहुणे गेल्यावर तिने आईला सांगून टाकलं, "मला मुलगा पसंत आहे." सावित्रीने लगोलग देवापुढे साखर ठेवली. पुढचे चार दिवस राजश्री मनाने नव्या घरातच वावरत होती. त्याच्याशी बोलताना समोर उभं राहायचं, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं बसायचं, चारचौघांत त्याला सांभाळून घ्यायचं, सगळं तिने मनात ठरवून टाकलं.

पाचव्या दिवशी सकाळच्या एसटीने महिपतमामा आले. ओट्यावर टेकून पाणी प्याले आणि रिकामा तांब्या हातातच धरून बसले.

"मामा," राजश्रीनेच विषय काढला, "त्यांच्या कानाचं मला कळलंय. माझी काही हरकत नाही म्हणून सांगा."

"कानाचं?" मामा गोंधळून तिच्याकडे बघत राहिले. "त्याच्या कानाला काय धाड भरलीय? मागल्या दारी मांजर चाललं तरी त्याला ऐकू जातं."

"मग ती सनई..."

"अगो, तीच तर त्याची परीक्षा. बघायला गेला की ती कॅसेट लावतो न गिटारीला सनई म्हणतो. अकरा पोरी बघितल्या, सगळ्यांनी व्हय म्हटलं. जी तोंडावर चूक म्हणंल, तिच्याशीच लगीन करीन म्हणतो." मामांनी तांब्या खाली ठेवला. "तुझ्या जिभेची ख्याती ऐकूनच तर आला होता तो वेळणेश्वरापर्यंत."