मागच्या बाजूचं कोडं

"येणेंप्रमाणे सर्व लोकांस कळविण्यात येते की" इथवर टाइप करून दिपिका उठली आणि दाराची कडी पुन्हा एकदा पाहून आली. कडी लागलेली होती. पिंकी सतरंजीवर डब्यांच्या झाकणांचं दुकान मांडून बसली होती.

वाचनालयानं १९११ सालच्या एका साप्ताहिकाच्या जाहिराती संगणकावर उतरवायला दिल्या होत्या. घरबसल्या काम आणि लेकीवर नजर. नवरा बोटीवर असलेल्या बाईला आणखी काय हवं, असं आळीतल्या बायका म्हणत. केशवर्धक तेल, हरवलेलं चांदीचं घड्याळ, 'निर्व्यसनी कारकून पाहिजे, तपकीर चालेल' असलं काहीबाही उतरवताना तिला एकटीलाच हसू फुटे. आजची खबर मात्र तसली नव्हती.

'आमची बायको धोंडूबाई, वय वर्षे वीस, अंगाने सडपातळ, कपाळास डावे बाजूस जखमेचा वण, ही आमची दोन वर्षांची मुलगी घेऊन कोणास न सांगता घरातून निघून गेली आहे. तीस कोणी आसरा देऊ नये. दिल्यास त्याजवर फिर्याद करण्यात येईल. पत्ता लावून देणारास इनाम मिळेल. बळीराम धर्मा, तालुके वसई.'

'डावे'पाशी तिचा हात थांबला. जखम कशाची, ते बळीरामानं लिहिलं नव्हतं. पंख्याच्या वाऱ्यानं उडालेली बट तिनं कपाळावर ओढून घेतली आणि 'उजवे' असं टाइप केलं. एवढ्या वर्षांनी ताडून कोण बघतंय?

पुढच्या अंकात तीच खबर, इनाम दुप्पट. त्याच्या पुढच्या अंकात पुन्हा तीच. चौथ्या अंकात काही नाही. पाचव्यात नाही, सहाव्यातही नाही.

खबर थांबली म्हणजे काय झालं? बळीरामानं नाद सोडला, की बाई सापडली? सापडली असेल तर त्याच घरात परत नेली असणार. आणि पोरीला? पोळ्या करायला उठली तरी दिपिकाला दुसरं काही सुचेना. तव्यावरची पोळी करपली, तेव्हा पिंकीनंच "आई, वास!" म्हणून सांगितलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. दिपिका जागच्या जागी उभी राहिली.

"मी आहे गो, उघड! बँकेला नसतील एवढ्या कड्या लावतेस!"

आग्नेसआंटी. घरमालकीण. खाली त्या एकट्या राहत, वर माडीवर या दोघी. त्यांच्या एका हातात पिंकीसाठी पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, होती आणि दुसऱ्या हातात वाचून झालेला पेपर. आळीत पेपर आता त्यांच्याच घरी येई, बाकीच्यांचं सगळं मोबाईलवर. पेपरच्या एका पानाला आज चौकोनी भोक होतं.

"मागच्या बाजूला कोडं होतं, कापून घेतलं," आंटी म्हणाल्या. "म्हाताऱ्या मानसाला तेवढाच टाइमपास."

वर्षभरात चार-पाच वेळा असं झालं होतं. भोकाचा पेपर पिंकीचा, हा आता नियमच होता. तिनं तो झडप घालून नेला आणि झाकणांच्या दुकानात नीट पसरला.

"आंटी, एक विचारू? एक बाई पोरीला घेऊन घरातून निघून गेली. नवऱ्यानं तीनदा पेपरात दिलं. सापडली असेल का हो?"

आंटींनी सुकेळ्यावरचं पान सोडता सोडता वर पाहिलं. "कधीची गोष्ट?"

"एकोणीसशे अकरा."

"अगो, मग आता कशाला शोधतेस? गेली की देवाघरी!" त्या खो खो हसल्या. दिपिका हसली नाही, तशा त्याही थांबल्या.

"त्या टायमाला गावात पेपर कोनाकडे येनार? एका फादरकडे, नाय तर एका सावकाराकडे. त्या घरातल्या बाईनं ते पान चुलीत घातलं असेल. मग कोन शोधतंय?"

"पण इनाम होतं. दुप्पट केलं होतं."

"इनाम!" आंटींनी सुकेळ्याचं पान पदराखाली लपवावं तसं मुठीत घट्ट धरलं. "कपाळावरचा वन बघितला असेल तिनं. तो बघून कोन इनाम मागायला जाईल?"

दिपिकाचा हात आपोआप बटेकडे गेला.

"आंटी, वणाचं मी तुम्हाला कुठं सांगितलं?"

"नाय सांगितलंस?" आंटींनी पिंकीच्या हातात सुकेळं ठेवलं. "मग नसशील सांगितलं. म्हातारपन गो, दुसरं काय."

पिंकीनं सुकेळं तोंडात कोंबलं आणि पेपर दोन्ही हातांनी चेहऱ्यापुढे उभा धरला. दिपिकाच्या समोर मागची बाजू आली. भोकापायी राशिभविष्याचा रकाना अर्धा कापला गेला होता. शेजारी कोडं होतं, अख्खं, एकही घर न भरलेलं.

"आई, मी कुठे?" पिंकी ओरडली. तिनं पेपर उलटा केला आणि त्या चौकोनातून तोंड बाहेर काढलं.

या बाजूचा मथळा कात्रीतून सुटला होता: 'आपण यांना पाहिलंत का?' आणि त्याच्याखाली, फोटोच्या जागी, पिंकी हसत होती.