पाण्याची सवय

बंद केलेला व्हॉल्व्ह पुन्हा उघडा होता आणि उतारावर नुसता चिखल झाला होता. झाडांच्या साहेबाने कपाळावर हात मारला.

"मावशी, कितीदा सांगू? आता आठवड्यातून एकदाच पाणी."

मावशी नळ्यांच्या जाळ्यात उकिडवी बसली होती. पायांत रबरी बूट, डोक्याला फडकं. "विसरले हो साहेब. रोपं कोमेजलेली बघवत नाहीत."

"कोमेजू देत की जरा. तहान लागली तरच मूळ खाली उतरतं. वरच्या वर रोज मिळालं तर ते कशाला हातपाय हलवेल? या नळ्या काय जन्माला पुरणार आहेत?"

"खरंय," मावशी म्हणाली. मान डोलवण्यात ती कधी कमी पडत नसे.

दुसरं कोणी असतं तर साहेबाने केव्हाच घरी बसवलं असतं. पण मावशीचं प्रकरण वेगळं होतं. तिचा एकुलता एक मुलगा याच उताराखाली होता. खाणीची कड ढासळली तेव्हा तो तळाशी कामावर होता. बाई दारोदार फिरली, माझं पोर मला काढून द्या म्हणाली. खोदणं धोक्याचं आहे म्हणून कंपनीने हात वर केले. खड्डा बुजवला, वर माती पसरली, आणि बाईचं तोंड बंद राहावं म्हणून तिला रोपांना पाणी द्यायच्या कामावर घेतलं. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

पोराच्या उशाशी पाणी घालणाऱ्या आईला रागावायचं तरी कोणत्या तोंडाने? साहेबाने स्वतःच व्हॉल्व्ह फिरवला आणि तो खाली गेला.

खरं तर त्याचाही जीव त्या उतारावर टांगलेला होता. पावसाळा सरला की नळ्या निघणार होत्या. त्यानंतर एक अख्खा उन्हाळा झाडं बिनपाण्याची तगली, तर तपासणीवाले सही करणार, खाणीचा विषय कायमचा मिटणार आणि साहेबाला बढती. नाही तगली, तर भरावच नासका असं धरून सगळा उतार खडकापर्यंत उपसायचा आणि नव्याने भरायचा. करारच तसा होता. मावशीलाही तो पाठ होता, कारण साहेबानेच तिला समजावून सांगितला होता. तिने दोनदा विचारलं होतं.

व्हॉल्व्ह मात्र उघडा सापडतच राहिला. पंपवाला हसायचा. "मावशीने झाडं लाडावून ठेवलीत साहेब. आयतं गिळायची सवय लागली की जावईसुद्धा उठत नाही, ही तर झाडं." साहेबही हसायचा. उतार असा हिरवागार दिसत होता की बोलायला जागाच नव्हती.

नळ्या निघाल्या. ऊन तापलं. पानं आधी पिवळी पडली, मग तपकिरी, मग गळून उतार पुन्हा बोडका झाला. साहेबाने एक झाड हाताने ओढलं तर ते गाजरासारखं सहज वर आलं. मुळं वीतभरसुद्धा खाली गेली नव्हती, वरच्या वर पसरली होती. तो तिथेच मातीत बसला. दोन वर्षांची मेहनत मातीमोल, आणि ती कोणाच्या मायेने, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

तपासणीवाल्यांनी विचारलं तेव्हा त्याने मावशीचं नाव काढलं नाही. भराव नासका असेल, एवढंच म्हणाला. बढती गेली. घरी बायको म्हणाली, "तुमचा हा चांगुलपणा एक दिवस आपल्याला देशोधडीला लावणार."

खोदणारी यंत्रं आली त्या सकाळी मावशी पायथ्याशी उभी होती. साहेब तिच्याजवळ गेला. त्याला राग यायला हवा होता, पण आली ती कीवच.

"मनाला लावून घेऊ नका मावशी. मायेपोटी होतं असं. मी कुणाला काही बोललो नाही."

"उपकार झाले तुमचे," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. साहेबाला ओलांडून ती थेट यंत्राजवळ गेली आणि चालकाकडे मान वर करून म्हणाली, "वरच्या झाडांची फिकीर करू नकोस रे बाबा, ती मीच मारलीत. खाली मात्र हळू खण, माझं पोर आहे तिथं."