शाळेचा वाटा

मुलीच्या शाळेची लायब्ररी पैशांअभावी बंद होणार हे कळलं, आणि परीक्षितच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या, मीटिंगमध्ये माइक मिळताच तो कडाडला, "सेल्स टॅक्स जातो आमच्या खिशातून! त्यातून पोलिसांना नव्या गाड्या घेता, आणि शाळेच्या तोंडाला पानं पुसता?" टाळ्यांचा कडकडाट झाला. पार्किंगमध्ये आला तरी तो धुमसतच होता. "निर्लज्ज साले! पोरांचं यांना काही पडलेलंच नाही."

"मग शनिवारची पोर्टलंडची खरेदी कॅन्सल करू या," गाडीत बसत नेत्रा, त्याची बायको, म्हणाली. "नवा टीव्ही इथेच घेऊ."

"वेड लागलंय का तुला?" तो तिच्यावरच खेकसला. "तिकडे पलीकडच्या राज्यात सेल्स टॅक्सच नाही, मग इथे कशाला खिशातून घालायचा?"